अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये थेट पोटात केमो: सोलापूरच्या कुटुंबांसाठी सविस्तर मार्गदर्शक

अंडाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होतं, केमोची तारीख मिळते आणि मग कुठून तरी नातेवाइकांच्या कानावर येतं की ही केमो शिरेतून न देता थेट पोटातही देतात. ‘मग आमच्या आईला का नाही दिली?’ हा प्रश्न मी केमोच्या डे-केअरमध्ये अनेकदा ऐकला आहे, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तो उशिरा आलेला असतो. पोटातली केमो द्यायची का, याचा विचार ऑपरेशनच्या आधी करायचा असतो. तिची सगळी मदार त्या ऑपरेशनवर असते. म्हणून हा लेख शक्य असेल तर ऑपरेशनच्या आधीच वाचा, आणि निर्णय तुमच्या डॉक्टरांसमोर बसून घ्या.

पोटातच का?

अंडाशयातल्या कॅन्सरच्या पेशी सुटतात, पोटातल्या पाण्याबरोबर फिरतात आणि जागा मिळेल तिथे रुजतात. पोटाच्या आतल्या पातळ पडद्यावर, आतड्यांच्या आवरणावर, यकृताच्या वरच्या बाजूला, ओमेंटम म्हणतात त्या चरबीच्या पदरावर बारीक बारीक गाठी धरतात. पोट फुगतं, दोन घास खाल्ले तरी भरल्यासारखं होतं. घरात त्याला गॅस म्हणतात, ओवा-हिंग चालू होतं आणि महिने जातात. त्यामुळे बहुतेक बायकांचं निदान तिसऱ्या टप्प्यात होतं. पण तोवरही आजार बराचसा पोटाच्या पोकळीतच असतो, आणि पोटातल्या केमोचा विचार इथूनच सुरू झाला.

औषध पोकळीतच सोडलं तर तिथली मात्रा रक्तातल्या मात्रेच्या कितीतरी पट होते. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाच्या बाबतीत साधारण वीस पट, पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत हजार पटींच्या आसपास. मात्र औषध गाठीच्या आत फार खोल शिरत नाही, काही मिलिमीटरच जातं. वाळलेल्या ढेकळावर पाणी शिंपडलं तर वरचाच थर भिजतो, तसं. म्हणूनच सर्जनने दिसणारा सगळा आजार काढलेला असावा, किंवा उरलेली सर्वांत मोठी गाठही एक सेंटिमीटरपेक्षा मोठी नसावी. त्याहून मोठ्या गाठी राहिल्या असतील तर पोटात औषध ओतून फारसं काही साधत नाही.

एक गैरसमज इथेच दूर करते. पोटात दिली म्हणजे अंगाला त्रास कमी, असं नाही. सिस्प्लॅटिन पोटातून हळूहळू रक्तातही जातं. केस गळणं, उलट्या, किडनीवर ताण, हे सगळं असतंच, वर पोटदुखीची भर पडते.

पुरावा काय सांगतो

२००६ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. तिसऱ्या टप्प्यातल्या, चांगलं ऑपरेशन झालेल्या बायकांपैकी निम्म्यांना फक्त शिरेतून केमो दिली आणि निम्म्यांना शिरेतून अधिक पोटातून. मधल्या रुग्णाचं आयुष्य (निम्म्या बायका त्याहून जास्त जगल्या असा आकडा) पहिल्या गटात ४९.७ महिने, दुसऱ्या गटात ६५.६ महिने. सोळा महिन्यांच्या आसपासचा हा फरक मोठा होता. पण त्याच चाचणीत पोटातल्या केमोच्या सहाही सायकल (ठरावीक दिवसांनी पुन्हा होणाऱ्या फेऱ्या) फक्त ४२ टक्के बायकांना पूर्ण करता आल्या. पुढे २०१९ मध्ये आलेल्या चाचणीत सगळ्या गटांना बेव्हासिझुमॅब हे औषधही दिलं होतं आणि त्यात पोटातल्या केमोचा जास्तीचा फायदा दिसला नाही. त्यानंतर अनेक केंद्रांनी ही पद्धत कमी केली. काही ठिकाणी निवडक रुग्णांना ती अजूनही देतात.

म्हणून तुमच्या डॉक्टरांनी ‘आपण शिरेतूनच देऊ’ असं सांगितलं तर तुमच्या घरच्या माणसावर अन्याय झाला असं समजू नका. शिरेतून कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल हा पूर्ण आणि मान्य उपचार आहे. माझं मत विचाराल तर अनुभव नसलेल्या ठिकाणी पोटातून घेण्यापेक्षा अनुभवी ठिकाणी शिरेतून घेतलेली केमो बरी.

गरम केमो वेगळी

‘हायपेक’ हा शब्दही तुमच्या कानावर येईल. पोटातल्या केमोचाच तो प्रकार, पण पद्धत अगदी वेगळी. गाठी काढून झाल्या की रुग्ण भुलीखाली असतानाच, ऑपरेशन टेबलावर, गरम केलेलं सिस्प्लॅटिन यंत्राने पोटात फिरवतात आणि मग काढून घेतात. एकदाच. त्यासाठी पोर्ट, म्हणजे पुन्हापुन्हा औषध सोडण्यासाठी कातडीखाली बसवलेली डबी, लागत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या चाचणीत आधी तीन सायकल केमो, मग ऑपरेशन आणि त्यातच ४० अंश सेल्सिअसला नव्वद मिनिटं औषध, असा क्रम होता. हायपेक मिळालेल्या गटात मधल्या रुग्णाचं आयुष्य ४५.७ महिने होतं, न मिळालेल्या गटात ३३.९. ऑपरेशन लांबतं, आयसीयूत राहावं लागतं, खर्च वाढतो. डॉक्टर ‘पोटात केमो’ म्हणाले तर दोन्हींपैकी कोणती, हे आधी विचारून घ्या. या लेखात यापुढे सगळं पोर्टमधून सायकलने दिल्या जाणाऱ्या केमोबद्दल आहे.

पहिली पायरी: ऑपरेशनच्या आधी

पोट फुगलंय, सोनोग्राफीत अंडाशयाची गाठ आणि पोटात पाणी दिसतंय, रक्ततपासणीत सीए-१२५ हा घटक वाढलाय. इतक्यावरून कॅन्सर ठरत नाही. सीए-१२५ साधारण ३५ च्या खाली असावं, पण पोटाच्या टीबीतही ते बरंच वाढतं, पाणीही होतं, आणि आपल्याकडे टीबी कमी नाही. म्हणून सीटी स्कॅन आणि पेशींची किंवा तुकड्याची तपासणी होऊ द्या. उलट बाजूही लक्षात ठेवा. संशयास्पद गाठ फक्त अंडाशयापुरतीच दिसत असेल तर तिला बाहेरून सुई टोचून पाणी काढू देऊ नका. गाठ फुटली तर पोटात पेशी सांडतात आणि आजाराचा टप्पा वाढतो. साधी गाठ आहे, दुर्बिणीने काढून टाकू, असं कोणी म्हणालं तरी आधी कॅन्सरच्या सर्जनचं मत घ्या.

आपल्या भागातल्या बायकांच्या मनात आणखी एक गोंधळ असतो. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलमुळे आणि धाराशिव जिल्ह्यातल्या गावोगावच्या तपासण्यांमुळे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी बऱ्याच जणींना माहीत आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणीही १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली. पण ती तपासणी अंडाशयाचा कॅन्सर पकडत नाही. ‘माझी तपासणी झालीय, काही निघालं नाही’ म्हणून फुगलेल्या पोटाकडे दुर्लक्ष करू नये.

ऑपरेशन कोण करणार, याला सगळ्यात जास्त महत्त्व द्या. सोलापुरात सिव्हिल आहे, खासगी कॅन्सर सर्जन आहेत, सत्तर किलोमीटरवर बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे, पुढे पुणे आणि परळचं टाटा मेमोरियल. कुठेही गेलात तरी डॉक्टरांना सरळ विचारा: अंडाशयाच्या कॅन्सरची अशी मोठी ऑपरेशनं तुम्ही नियमित करता का? सगळा आजार निघेल असं स्कॅनवरून वाटतं का, की आधी तीन सायकल केमो देऊन मग ऑपरेशन बरं? पोटात केमो द्यायची झाली तर इथल्या नर्सना पोर्ट हाताळायचा सराव आहे का? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.

दुसरी पायरी: ऑपरेशन आणि पोर्ट

ऑपरेशनमध्ये गर्भपिशवी, दोन्ही अंडाशयं, ओमेंटम आणि दिसेल ती गाठ काढतात. कधी आतड्याचा तुकडाही काढावा लागतो. संपल्यावर सर्जनला एकच गोष्ट आवर्जून विचारा, ‘आत किती राहिलं?’ उत्तर ऑपरेशन नोटमध्ये लिहिलेलं असतं. तिची प्रत घ्या, नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही.

पोटात केमो ठरली असेल तर पोर्ट त्याच वेळी बसवता येतो. नंतर दुर्बिणीनेही बसवतात, पण ती वेगळी भूल आणि वेगळा खर्च. पोर्ट म्हणजे नाण्याएवढी छोटी डबी. ती खालच्या बरगड्यांवर कातडीखाली बसते आणि तिच्यातून मऊ नळी पोटाच्या पोकळीत उतरते. बाहेर काहीच लोंबत नाही. जागा ठरवताना परकराची नाडी आणि ब्लाउजची किंवा ब्राची पट्टी कुठे येते हे सर्जनला उभं राहून दाखवा. नाडी रोज त्या जागेवर घासली तर कातडी दुखावते.

आतड्याचा मोठा भाग, विशेषतः डाव्या बाजूचा, कापून जोडला असेल, पोटात आतडी फार चिकटलेली असतील, जंतुसंसर्ग असेल किंवा किडनी कमजोर असेल तर डॉक्टर बहुधा पोटातली केमो टाळतात. तसं झालं तर आग्रह धरू नका.

आता एक कागद स्वतःच्या हाताने तयार करा. त्यावर ठळक लिहा: ‘हा पोर्ट पोटात उघडतो, शिरेत नाही. यातून रक्त काढू नये, सलाईन किंवा इंजेक्शन देऊ नये.’ खाली केमो देणाऱ्या डॉक्टरांचा नंबर. कातडीखालचा पोर्ट छातीतल्या शिरेच्या पोर्टसारखाच लागतो हाताला. रात्री दोन वाजता ताप घेऊन जवळच्या दवाखान्यात गेलात तर तिथल्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांना हा फरक कळेलच असं नाही. कागद फाईलच्या पहिल्या पानावर लावा आणि त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ठेवा.

तिसरी पायरी: सायकलचं गणित

प्रचलित पद्धतीत एक सायकल एकवीस दिवसांची आणि अशा सहा सायकल. पहिल्या दिवशी शिरेतून पॅक्लिटॅक्सेल, त्याच किंवा दुसऱ्या दिवशी पोटातून सिस्प्लॅटिन, आठव्या दिवशी पोटातून पॅक्लिटॅक्सेल. २००६ च्या चाचणीत सिस्प्लॅटिन शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम होतं. ते फार जड जातं म्हणून पुढे अनेक ठिकाणी ७५ वर आणलं. तुमच्या डॉक्टरांचा तक्ता थोडा वेगळाही असू शकतो.

प्रत्येक सायकलच्या एक-दोन दिवस आधी रक्ततपासणी होते: रक्तातल्या पेशी, क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं), सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम. ही सोलापुरात करून रिपोर्ट मोबाईलवर पाठवता येते. रक्तातल्या पेशी कमी निघाल्या तर सायकल पुढे ढकलतात. एवढ्याने घाबरून जाऊ नका, असं बऱ्याच जणींचं होतं.

चौथी पायरी: केमोचा दिवस

सकाळी हलकं खाऊन या, उपाशी येऊ नका. मऊ भात, इडली, काहीही चालेल. साडी-परकर नको. ढिला गाऊन किंवा इलॅस्टिकची सलवार घाला, कारण दुपारपर्यंत पोटाचा घेर वाढणार आहे. सोबत एखादं माणूस हवंच.

आधी हाताच्या शिरेतून सलाईन लावतात आणि उलटीविरोधी औषधं देतात. सिस्प्लॅटिनला किडनीतून वाहून जायला भरपूर पाणी लागतं, म्हणून ही सलाईन औषधाइतकीच महत्त्वाची. ‘लवकर आटपा, गाडी आहे’ म्हणून ती जोरात सोडायला सांगू नका. पोटात औषध सुरू व्हायच्या आधी लघवीला जाऊन या.

मग नर्स कातडी स्वच्छ करून पोर्टमध्ये खास वाकडी सुई घालते. थोडं टोचतं. सुईत रक्त परत येत नाही म्हणून घाबरू नका, हा पोर्ट शिरेत नाहीच. साधं सलाईन सोडून ते सहज जातंय का, कुठे दुखतं किंवा फुगतं का, हे ती पाहते. त्यानंतर अंगाइतकं कोमट केलेलं एक लिटर औषधी सलाईन उंचावरून आपोआप पोटात उतरू देतात. सोसत असेल तर आणखी एक लिटर साधं सलाईन, म्हणजे औषध कानाकोपऱ्यात पोचतं. थंड पाणी गेलं तर पोटात कळा येतात, म्हणून पिशवी कोमट आहे ना, हे विचारायला संकोच करू नका.

या वेळात पाठीवर पडून राहायचं, डोक्याकडची बाजू थोडी उंच. पोट ताणल्यासारखं वाटणं, दम भरल्यासारखं वाटणं, खांद्यात दुखणं हे होतं. वेग कमी केला की बरं वाटतं. मात्र सुईच्या आजूबाजूला जळजळ झाली, ओलसर लागलं किंवा कातडी फुगली तर त्याच क्षणी सांगा. औषध कातडीखाली झिरपत असेल तर लगेच थांबवावं लागतं. आपल्या बायका सोसत बसतात, नर्सला त्रास नको म्हणून गप्प राहतात. इथे ती सवय घातक ठरते.

औषध संपलं की पोर्ट सलाईनने धुऊन सुई काढतात. आणि आता रुग्णाचं काम सुरू होतं: डाव्या कुशीवर पंधरा मिनिटं, उजव्या कुशीवर पंधरा मिनिटं, पाठीवर पंधरा मिनिटं, असं एक ते दोन तास. सोबतच्या माणसाने घड्याळ धरून आठवण करावी. हे पाणी परत काढत नाहीत. पुढच्या काही दिवसांत शरीरच ते शोषून घेतं आणि तोवर लघवी जास्त होते. योनीमार्गातून पाणी झिरपलं तर मात्र ते आपोआप बरं होईल म्हणून लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

पाचवी पायरी: घरी

सिस्प्लॅटिनच्या उलट्या फसव्या असतात. पहिला दिवस बरा जातो, घरचे खूश होतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मळमळ उसळते. म्हणून गोळ्या लिहून दिलेल्या दिवसांपर्यंत घड्याळ लावून घ्या, बरं वाटतंय म्हणून बंद करू नका.

पाणी हा आपल्याकडचा सगळ्यात कळीचा मुद्दा. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिशीपार. त्यात उलट्या, त्यात सिस्प्लॅटिन. शरीर सुकलं तर किडनी दुखावते आणि पुढची सायकलच हातची जाते. हृदयाचा किंवा किडनीचा आजार नसेल तर दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी पोटात जायला हवं, एकदम तांब्याभर नाही, दर अर्ध्या तासाला थोडं थोडं. पाणी नको वाटलं तर भाताची पेज, ताजं ताक, लिंबू-सरबत. उन्हाळ्यात केमोचे पहिले पाच दिवस दुपारी घराबाहेर पडू नये.

जेवण थोडं आणि पाच-सहा वेळा. पोटात पाणी असताना कडक भाकरी, ठेचा आणि शेंगाची चटणी काही दिवस बाजूला ठेवा. मुगाची खिचडी, वरण-भात, दुधात कुस्करलेली मऊ ज्वारीची भाकरी, नीट उकडलेलं अंडं बरं. पाणी उकळून थंड केलेलं, फळं धुऊन सोललेली, गाड्यावरचं काही नको.

अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या आणू नका. गल्लीतल्या दवाखान्यात तापासाठी जेंटामायसिन किंवा अमिकासिनचं इंजेक्शन घेण्याआधी सिस्प्लॅटिन चालू आहे हे सांगा. ही औषधं सिस्प्लॅटिनसोबत किडनीला, आणि इंजेक्शनं कानालाही इजा करू शकतात. कोणी प्रेमाने आणून दिलेला काढा किंवा भस्मसुद्धा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको.

केमोनंतर अठ्ठेचाळीस तास रुग्णाची लघवी, उलटी साफ करताना हातमोजे घाला. फ्लश दोनदा ओढा, फ्लश नसेल तर भरपूर पाणी दोनदा ओता. जेवणाचं ताट वेगळं करायची, नातवंडांना दूर ठेवायची काही गरज नाही. कॅन्सर लागट नसतो.

बोटांकडे लक्ष ठेवा. मुंग्या, बधिरपणा, ब्लाउजचे हूक न लागणं, चप्पल पायातून निसटणं. आपल्याकडे विड्या वळून घर चालवणाऱ्या कितीतरी बायका आहेत, त्यांच्यासाठी बोटांची जाणीव म्हणजे रोजी आहे. वळताना पान हातातून सुटतंय असं वाटलं तर पुढच्या सायकलच्या आधी सांगा. डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात. कानात सतत आवाज येत असेल तर तेही सांगा.

कधी थांबायचं नाही, लगेच निघायचं

घरात थर्मामीटर हवाच. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा. केमोनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पेशी कमी असतात, तेव्हा तर मुळीच थांबू नका. पोट कडक होऊन असह्य दुखणं, उलट्या होत असताना वायू-शौच बंद होणं, पोर्टवर लाली, सूज किंवा पू, लघवी अगदी कमी होणं, धाप लागणं, यातलं काहीही झालं तरी तेच करा. कोणत्या दवाखान्यात जायचं हे पहिल्या सायकलच्या आधीच ठरवून ठेवा.

प्रवास आणि पैसा

पुण्या-मुंबईत उपचार असेल तर आठव्या दिवसाचा डोस विसरू नका, एका सायकलला दोन फेऱ्या होतात. पोटात दोन लिटर पाणी असताना त्याच रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडू नये, एक रात्र तिथे काढा. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा टाटाच्या रुग्णांना आसरा देते. जागेसाठी आधी चौकशी करा. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. त्यासाठी हॉस्पिटलचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनीसाकडे) भरती होण्याच्या आधी जा आणि नेमकं विचारा: ऑपरेशन, पोर्ट, पोटातली केमो आणि सलाईनसाठीची भरती, यातलं काय पॅकेजमध्ये बसतं? हायपेकबद्दल वेगळं विचारा. योजनेची हेल्पलाइन १५५३८८ आणि १८०० २३३ २२००.

मध्येच बंद करावी लागली तर

नळी तुंबते, संसर्ग होतो, पोटदुखी सोसवत नाही, क्रिएटिनिन चढतं. मग डॉक्टर उरलेल्या सायकल शिरेतून देतात. वर सांगितलेल्या चाचणीतही निम्म्याहून जास्त बायकांचं हेच झालं होतं. रुग्णाला ‘तुला सोसलं नाही’ असं घरात कोणी म्हणू नये. ज्या सायकल पोटातून झाल्या त्या वाया जात नाहीत, आणि पुढची केमोही खरीच केमो आहे.

सहाव्या सायकलनंतर सीटी स्कॅन आणि सीए-१२५ होतं. आता लागणार नाही असं ठरलं की छोट्या ऑपरेशनने पोर्ट काढतात. पहिली दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी तपासणी असते, ती बरं वाटत असलं तरी चुकवू नका. आणि बीआरसीए जनुकांची (यांतला दोष घराण्यात पुढे जाऊ शकतो) रक्ततपासणी झाली नसेल तर ती मागा. दोष निघाला तर केमोनंतर ओलापॅरिबसारख्या गोळ्यांचा पर्याय मिळतो. शिवाय रुग्णाच्या बहिणी आणि मुलींनाही आपली तपासणी करून घेता येते. त्या रिपोर्टची एक-एक प्रत त्यांना द्या, लग्न होऊन परगावी गेलेल्यांनाही.